शाईखालचं नाव

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता आहे का, तेही नक्की सांगता येत नाही. मी शहापूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. चुकीचं लिहायची भीती वाटते, म्हणून झालं तेवढंच लिहिते.

माझे बाबा मुरबाडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या पिशव्या छापायच्या मशीनवर होते. माझ्या जन्माआधी तीन महिने तापाने गेले. त्यांच्या हातची एकच वस्तू घरात आहे — जेवणाचा डबा. झाकणावर त्यांनी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलंय, शेवटी चार पाकळ्यांचं फूल.

बारशाला आत्याने माझं नाव ‘पूजा’ ठरवलं होतं. सगळ्यांना सांगूनही झालं होतं. पण पाळण्यात वाकून कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि बोलली — ‘केतकी’! तेच नाव राहिलं. घरात अजून तिची चेष्टा होते, “ऐन टायमाला नावच इसरली गो!”

या दिवाळीच्या सुट्टीत कळलं, बाबांचं मशीन कंपनीने विकलंय, आणि नेण्याआधी ते साफ करायचं काम वाशिंदच्या दळवीकाकांना मिळालंय. मी कारण न सांगता त्यांच्या हाताखाली काम मागितलं. बाबांनी हात लावलेलं ते मशीन जाण्याआधी मला एकदा बघायचं होतं, बस. “लोखंडात काय दिसनार तुला?” आई म्हणाली. पण भाकरी त्याच डब्यात बांधून दिली.

साफ करायची रीत अशी: ड्राय आइसचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तांदळाएवढे दाणे हवेच्या जोराने मशीनवर मारायचे. वाळलेली शाई गारठून तडकते, पापुद्र्यांसारखी गळते. दाण्यांचा थेट वायू होतो, पाणी उरत नाही. खालचा रंग शाबूत राहतो.

“कॉलेजवाली, सरबतात टाकशील हां तो बर्फ!” काकांनी चिडवलं. मग मशीनच्या आतल्या बाजूच्या पत्र्यापाशी दाणे मारायची गन माझ्या हातात दिली. तिथे शाईचा बोटभर थर होता... वर्षानुवर्षांचा.

थर गळाला. खाली हिरवा रंग, त्यावर खरवडलेली अक्षरं. त्यांत गारठ्याने हवेतलं दव पांढरं गोठलं होतं, म्हणून लांबूनही वाचता आली.

केतकी. शेवटी चार पाकळ्यांचं फूल.

मी डब्याचं झाकण आणून शेजारी धरलं. ‘क’ तसाच, तिरका. फूल तर तेच. काकांनी मास्क काढला. “पोरी... हे तुझ्या बापाचं मशीन का?”

मुलगी होणार हेसुद्धा बाबांना माहीत नव्हतं. आई म्हणते, नावाचं त्यांच्यात कधी बोलणंच झालं नाही. आत्याला फोन केला — बाबा तुला कधी काही बोलले होते का?

ती म्हणाली, “नाय गो. पन पाळन्यात वाकले ना, तवा माज्याच कानात कोनतरी बोललं. हसतील म्हनून इतकी वर्षं सांगितलं नाय.”

ड्राय आइसचं पाणी का होत नाही, ते मी परीक्षेत लिहू शकते. याचं काही सुचत नाही. मनाचे खेळ म्हणावं, तर त्या अक्षरांचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे.

दुसऱ्या दिवशी मशीनला नवीन रंग मारायचा होता. काकांनी त्या अक्षरांवर आपल्या हाताने चिकटपट्टी लावली आणि रंगाऱ्याला ओरडून सांगितलं, “एवढं सोडून मार रे! पोरीचं नाव हाय.”