आंघोळ घातलेला सेन्सर

गेनूभाऊ आधी गिऱ्हाइकावर खेकसत आणि मग गाडीकडे बघत. उरवड्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. ताम्हिणीच्या खड्ड्यांनी माझ्या गाडीचा सायलेन्सरचा पाइप तडकला, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. "जरा वेल्डिंग मारून द्या, घाईत आहे," एवढंच म्हणालो.

"घाई हाय तर चालत जावा! पाइपात सेन्सर हाय. त्यो न काढता वेल्डिंग मारलं तर जागच्या जागी मरतोय. मग याल हितंच रडत."

धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो सेन्सर इंजिनाला सांगतो. तो बिघडला की गाडी पेट्रोल ढोसते. असल्या सेन्सरच्या गाड्या तेव्हा नुकत्याच रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. गेनूभाऊ इंजिन कोमट असतानाच सेन्सर सोडवत, टोकाला बोट लागू देत नसत. काढलेला सेन्सर स्वच्छ फडक्यात गुंडाळून देवाच्या फोटोशेजारच्या खिळ्याला टांगत, कारण तिथे कुणी हात घालत नसे. "आख्ख्या मुळशीत माझ्यासारखा दुसरा दावा," असं वर छाती काढून सांगत. गर्विष्ठ माणूस, पण मला आवडायचा.

शेड तात्याची. ह्या माणसाला अहो-जाहो करायची माझी इच्छा नाही. रस्त्याकडेची सगळी जमीन त्याचीच. खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारं रॉकेलानं धुऊन त्यांची पूजाही तोच करायचा. "जागा आमची, तर मान बी आमचा," म्हणायचा.

पुढे काही वर्षांनी दसऱ्याच्या तोंडावर माझा पाइप पुन्हा गेला. वेल्डिंग झालं, पण सेन्सर बसवायचा राहिला, कारण खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत. गेनूभाऊ घरच्या नांगराच्या पूजेला आपल्या गावी, रिह्याला गेले. दसरा झाल्यावर मी गाडी न्यायला आलो. त्यांनी गाडीखालच्या अंधारात शिरून सेन्सर बसवला. इंजिन सुरू केलं, तर डॅशबोर्डवरचा दिवा विझेना आणि मागून काळा धूर.

तात्या चार माणसं घेऊन बाकड्यावर बसला होता. तो लगेच म्हणाला, "सायेब, तुमचा सेन्सर आधीच गेल्याला असंल. गाडी जुनी हाय. व्हय का न्हाई रं गेनू?"

मला ते पटलंही. गेनूभाऊ सेन्सर पुन्हा काढून गाडीखालून बाहेर आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"न्हाई तात्या! सेन्सर ठणठणीत हुता. मी रिह्याला गेलो आन् तुमी पूजेसाठी त्याला रॉकेलात आंघोळ घातली. हे बगा, भोकाभोकात कुंकू बसलंय."

बाकड्यावरची माणसं खो खो हसली. ते हसणंच तात्याला झोंबलं. गेनूभाऊंनी मला नवा सेन्सर आणून बसवून दिला, आणि आठवडाभरात शेडला तात्याचं कुलूप लागलं. भाड्याचा व्यवहार सगळा तोंडी होता. "गेनूनं देवाची टिंगल केली," असं तात्यानं गावभर केलं. आणि बाकड्यावर पोट धरून हसलेली तीच माणसं आता माना डोलावत होती! एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. आजही त्यांची तोंडं आठवली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी तात्याच्या दारात जाऊन भांडलो. त्यानं मला चहा विचारला. "तुमी भाड्यानं ऱ्हानारी मानसं. गावाच्या भानगडीत कशाला पडताय?" म्हणाला. मी तावातावानं बोललो आणि हात हलवत परत आलो.

पुढे गेनूभाऊ जवळच्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून लागले. दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याच्या शिव्या खात. एकदा फाटकाशी भेटले. मला त्यांचाही राग आला होता.

"गेनूभाऊ, त्या वेळी नुसतं 'व्हय तात्या' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मला नंतर हळूच सांगायचं."

"नंतर कुटलं सांगतोय? एकदा व्हय म्हनलो असतो, की मग जलमभर व्हयच म्हनत बसलो असतो."

"मी काही तुम्हाला सोडून दुसरीकडे गेलो नसतो."

"ठाव हाय," ते खेकसले. "तुमी माझ्यावर इस्वास टाकून परत आला असता. मी खोटं बोललो, त्ये तुमाला कंदी कळलंच नसतं, सायेब."

भोंगा वाजला तसे ते आत गेले.