मऊ धारेच्या सहा कुऱ्हाडी

पापडी गावच्या वखारीत लाकडं फोडणारे पुष्कळ आले नि गेले, पण काळूराम तो काळूराम. चिंचेचा गाठाळ ओंडका पुढ्यात आला की आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, मुलगी बघायला आल्यासारखा. मग नेमक्या जागी घाव, आणि ओंडका उभा चिरलेला. वखारीतली चिंच कायम त्याच्याच वाट्याला. तो त्याचा मान होता, आणि पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला दुसरा मान कुठलाच नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली मालक दिवाकरशेठ मुंबईहून सहा नव्या कुऱ्हाडी घेऊन आले. लाल रंगाच्या, चकचकीत. लोहाराने घडवलेल्या जुन्या कुऱ्हाडी भंगारात गेल्या. पहिल्याच दिवशी काळूरामने चिंचेवर घाव घातला आणि नवी धार केळीच्या पानासारखी दुमडली.

"शेठ, धार मऊ हाय."

"नवी कुऱ्हाड मऊ कशी असेल?"

"कारखान्यात घाईनं सानेच्या चाकावर धरली असंल. धार तापली, तिचं पानी उतरलं. तांदळाच्या दान्याएवढी झिजवली का आत खरं पोलाद लागंल."

"म्हणजे नवा माल मी आणायचा आणि तू झिजवायचा," शेठ हसले. "शत्रुघ्न सकाळपासून फोडतोय. त्याची नाही वळली."

शत्रुघ्न तिशीतला गडी, दंड खांबासारखे. त्याच्या पुढ्यात होतं सुरूचं सरळ लाकूड, जे कोयत्यानेही फुटलं असतं. पण वखारीत रीत होती, दुसऱ्याच्या पुढ्यातल्या लाकडाला नावं ठेवायची नाहीत. काळूरामने रीत पाळली. तेवढंच त्याचं चुकलं.

"धार नाही रे काळू," शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा दंड मऊ झालाय."

काळूराम कुऱ्हाड घरी घेऊन गेला. तीन संध्याकाळी दगडावर घासत बसला. पुन्हा तापू नये म्हणून बायको हंसा तांब्याने पाणी सोडत होती.

"एवढी न्हानीधुनी," ती म्हणाली. "मना बालंतपनात पन कोनी केली नाय."

मधूनमधून तो धारेला कानस लावून बघे. आधी कानस लोखंडात रुतत होती. तिसऱ्या संध्याकाळी ती काचेवरून घसरावी तशी घसरली, खरं पोलाद लागलं, तेव्हा तो उठला.

सकाळी आठवडाभर पडून असलेला गाठाळ ओंडका त्याने फोडून दाखवला. धार जशीच्या तशी. शेठनी तिच्यावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि कुऱ्हाड शत्रुघ्नच्या हातात दिली. दुपारपर्यंत शत्रुघ्नने काळूरामच्या दुप्पट चिंच फोडली.

"बघ," शेठ म्हणाले, "कुऱ्हाड चांगलीच होती. चिंच आता हाच फोडेल."

पंधरवड्यात सुरूवरसुद्धा बाकीच्या पाचही कुऱ्हाडी वळल्या. तेव्हा शेठना तांदळाचा दाणा आठवला. "तुझ्यासारखी धार कुणाला जमत नाही, काळू. सावलीत बस, धारा लाव. ओंडक्याकडे यायची गरज नाही."

शत्रुघ्न जवळ येऊन पुटपुटला, "दादा, तुजी जागा मी मागितली नव्हती."

"मागितली असतीस तं बरं व्हतं," काळूराम म्हणाला. "नाय म्हनाया आलं असतं."

घरी हंसाने सरळ सांगितलं, "त्याची धार थोडी मऊच ठेवा. चार दिवसांत दुमडंल, मग कलंल दंड कोनाचा मऊ हाय तो."

त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी चिंच फोडायची कुऱ्हाड धार लावायला आली तेव्हा तो मुद्दाम जोराने, पाण्याशिवाय घासू लागला. पातं बोटाला गरम लागलं. असंच तापत राहिलं असतं तर धारेचं पाणी उतरलं असतं. पण त्याचा दुसरा हात आपणहून तांब्याकडे गेला. मग संध्याकाळपर्यंत तो पाणी सोडत, हळूहळू, पुरती धार काढत बसला.

ती त्याने स्वतः नेऊन शत्रुघ्नला दिली. "जपून मार," म्हणाला, "लय लागली हाय." आणि शत्रुघ्न ओंडक्याला फेरी न मारताच घाव घालतो, हे बघायला नको म्हणून पाठ फिरवून दगडाकडे निघून गेला.