आठवत नाही म्हणण्याची नोकरी

कुणी काही विचारलं की भाऊ आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाला पुसायचे, काच उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा पुसायचे. तेवढ्या वेळात विचारणाऱ्याचा अर्धा जोर ओसरलेला असायचा. मग त्याच्या खांद्यावरून मागच्या फिशटँककडे बघत भाऊ म्हणायचे, "नाही बुवा आठवत."

तुम्ही लोणावळ्याला मुक्कामाला आला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो हसून किल्ली देतो, गरम पाण्याची वेळ सांगतो, आणि तुमच्याबरोबर कोण आहे हे त्याने जणू पाहिलेलंच नसतं. आमचे भाऊ त्यातले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मी भाजे गावची. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शनिवार-रविवारी आई लेण्यांच्या पायथ्याशी सरबत विकते, आणि मी त्या दोन दिवसांत लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर उभी राहायचे. भाऊ तिथले सगळ्यांत जुने. पाहुण्यांशी पुण्यातल्यासारखं शुद्ध बोलायचे, आमच्याशी त्यांच्या गावचं, परंदवडीचं.

पहिल्याच दिवशी खोली सोडून निघालेल्या एका कुटुंबाला मी मोठ्या उत्साहाने "वेलकम" म्हणाले. त्यांची मुलं गाडीत बसेपर्यंत एकमेकांना "वेलकम, वेलकम" करत हसत होती. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हणाले, "भाऊ, काल माझं चुकलं."

त्यांनी चष्मा काढला. "काल? काल तू आलतीस व्हय?"

पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं की या माणसाला खरंच काही आठवत नाही. मग एकदा एक गृहस्थ तणतणत आले. मोबाइलवर बायकोचा फोटो. "ही बाई इथे उतरलीय का?"

"चष्म्याशिवाय दिसत नाही मला," भाऊ काच पुसत म्हणाले.

"मग घाला ना!"

"घातला तरी चेहरे राहत नाहीत हो लक्षात. परवा एसटी स्टँडवर आमच्या व्याह्यांना नमस्कार करायचा राहिला. अजून रुसलेत."

गृहस्थ शिव्या देत निघून गेले. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर भाऊंनी वेटरला हाक मारली. "कोपऱ्यातल्या खोलीत म्याडमना चा दे. साखर घालू नगं, मागल्या येळंला परत पाठवलावता त्यांनी. आन म्हनावं, दाराला आतनं कडी असू द्या."

मला तेव्हा कळलं की भाऊ काहीच विसरत नाहीत. मी भीत भीत विचारलं, "हे खोटं बोलणं नाही का, भाऊ?"

"पोलीस रीतसर आलं तर रजिस्टर फुडं ठेवतो की मी. बाकी मानूस हितं दोन दिस निजायला येतो. का येतो ते त्याच्यापाशी. आपन किल्ली द्यायची."

जुन्या मालकांच्या काळात पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स एका ट्रंकेत ठेवत. ठेवायची मुदत संपली की भाऊ तो गठ्ठा उचलून मागच्या अंगणातल्या तांब्याच्या मोठ्या बंबाकडे जायचे आणि सगळी राख होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. "आज पाव्हन्यांच्या आंगुळीला पाव्हन्यांचीच कागदं," म्हणायचे. हे मी पाहिलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या मावशी हसत सांगायच्या.

मग मालकांनी हॉटेल एका मोठ्या कंपनीला विकलं. बंब निघाला, गच्चीवर सोलर आलं. झेरॉक्सऐवजी स्कॅनर आला. पाहुण्याचं आधार कार्ड, तारीख, खोली, सोबतच्या माणसाचं कार्ड, सगळं कॉम्प्युटरमध्ये जायला लागलं. तिथून ते कधीच पुसलं जात नव्हतं. पासवर्ड म्हणजे हॉटेलचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एकतीस डिसेंबरला त्याच कॉम्प्युटरवर गाणी लावत, म्हणून तो माळीबुवांनाही पाठ होता.

एका शनिवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर लाल चौकट आणि इंग्रजी मजकूर. मी वाचून भाऊंना सांगितलं, "कुणीतरी सगळ्या फाइलींना कुलूप घातलंय. पैसे दिले तर उघडणार म्हणतात. नाहीतर सगळं बाहेर टाकणार."

भाऊ पडद्याकडे वाकले. "म्हंजी खोली आपली, आन किल्ली त्यांच्याकडं."

"हो."

"आन आत पाव्हनं हायेत."

कंपनीचे एरिया मॅनेजर दुपारी आले. वहीवर नोंदी करा आणि कुणी विचारलं तर सिस्टीम अपडेट होतेय असं सांगा, म्हणाले. भाऊंनी विचारलं, "जुन्या पाहुण्यांना कळवायचं ना, साहेब?" साहेब म्हणाले, "कशाला घाबरवता लोकांना, काका?"

कुणालाच कळवलं नाही. काही आठवड्यांनी त्या फाइली खरोखरच बाहेर आल्या. लांबच्या लोकांचं काय झालं मला माहीत नाही. मावळातलं माहीत आहे. कुणीतरी बसून तळेगाव, कामशेत, वराळे असे जवळचे पत्ते वेगळे काढले आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. गावातल्या ओळखीच्या मुलीचं आधार कार्ड, शेजारी एका मुलाचं आणि वर आमच्या हॉटेलचं नाव. खाली हसणारी तोंडं.

त्यातली एक मुलगी वराळ्याची होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा दुसऱ्या जातीचा. तिच्या भावाने तिचा मोबाइल फोडला, कॉलेज बंद केलं, मुलगा नोकरी सोडून कुठेतरी निघून गेला. तिने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. वाचली. पण घसा कायमचा गेला. आता तिचं बोलणं म्हणजे नुसती कुजबुज.

ती आईबरोबर हॉटेलात आली तेव्हा मी काउंटरवर होते. ती थेट भाऊंसमोर उभी राहिली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, मी आठवते का तुम्हाला?"

भाऊंनी चष्मा काढला. शर्टाला पुसला. उजेडाकडे धरला. "नाही, पोरी," ते म्हणाले. "नाही बुवा आठवत." यापेक्षा मोठी दया त्यांना माहीत नव्हती.

ती म्हणाली, "आता विसरून काय उपयोग, भाऊ? सगळ्या गावाला आठवते मी."

भाऊंचे हात थांबले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फिशटँककडे न बघता तिच्याकडे बघितलं. "पिवळी ओढनी व्हती," ते हळूच म्हणाले. "लिंबू सरबत मागितलंस. मीठ नगं म्हनालीस. त्या पोराला किल्ली लावता येईना तवा तू लय हसलीस."

ती काउंटरला धरून रडली. मी तोवर आवाज करून रडणारीच माणसं पाहिली होती; तिचं रडणं ऐकूच येत नव्हतं.

तिने मुंबईच्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता. तळेगावच्या एक वकीलबाई तिच्या बाजूने उभ्या होत्या. पण तिला पैशापेक्षा एक ओळ हवी होती. तिचे मामा म्हणाले होते, चूक कंपनीची होती असं सरकारी कागदावर आलं, तर मी तुझ्या भावाला समजावतो, तुला परत कॉलेजला धाडतो. त्या एका ओळीवर तिचं शेवटचं वर्ष अडकलं होतं.

कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. आमच्या नियमाप्रमाणे जुनी ओळखपत्रं पुसून टाकायची होती, हॉटेलातल्या माणसांनी आपल्या मनाने ठेवली. म्हणजे दोष भाऊंचा आणि आमचा. खरं काय झालं होतं ते दोघांनाच माहीत होतं, एरिया मॅनेजरना आणि भाऊंना. कागदावर काही नव्हतं.

सुनावणीच्या आधी साहेब येऊन भाऊंच्या शेजारी बसले. भाऊंसाठी चहा त्यांनी स्वतः मागवला. "काका, तुम्हाला नवीन काही करायचं नाहीये. जन्मभर जे म्हणत आलात तेच म्हणायचं. आठवत नाही. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, मी बघतो."

भाऊ चहा प्यायले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "ह्याचं काय चुकीचं न्हाई. ज्याला आठवतं त्याला काउंटरवर कोन उभा करील?"

"मग?"

"मुंबईला येतीस का? इंग्रजी आलं तर मला सांगाया कुनीतरी पायजे."

मी गेले. ती खोली कोर्टासारखी नव्हती, ऑफिससारखीच होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा भाऊ उभे राहिले. बसून सांगा म्हटलं तरी उभेच राहिले, काउंटरवर राहायचे तसे.

"बंब काढला त्या दिवशी साहेब आले होते," ते म्हणाले. "गच्चीवर सोलरचे लोक होते. साहेबांनी मिसळ मागवली, फरसाण बाजूला काढून ठेवलं. मी विचारलं, आता बंब नाही, तर पाहुण्यांची जुनी कागदं कशात घालायची? साहेब म्हणाले, ती पुसायची नाहीत, काका. डेटा आहे तो. ऑफर पाठवायला लागतो. मी म्हटलं, मग त्याला कुलूप तरी नीट लावा. ते म्हणाले, ते आमच्यावर सोडा."

साहेब टेबलाकडे बघत होते.

मग कंपनीचे वकील बोलले. आवाज अगदी गोड. "तुमची तर ख्याती आहे ना, काका? काही लक्षात राहत नाही म्हणून?"

"आठवत नाही म्हणणं ही माझी नोकरी होती, साहेब. विसरणं नव्हती."

टेबलाभोवतीचे काही जण हसले. वकीलही हसले. "छान. मग आपण तपासूया. ही तुमच्याच हॉटेलची त्या महिन्याची यादी माझ्या हातात आहे. तुम्ही फक्त सांगा, या मुलीच्या शेजारच्या खोल्यांत त्या दिवशी कोण कोण होतं? चार नावं सांगा. बरोबर निघाली, तर तुमची बाकीची साक्षही मी खरी मानतो."

मला वाटलं, जिंकलो. भाऊंना चारच काय, त्या दिवशीचे सगळे पाहुणे चपलांसकट आठवत असणार. मुलगी मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

भाऊंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"हिने सांगा म्हटलं, म्हणून हिचं सांगितलं," ते म्हणाले. "बाकीच्यांनी सांगा म्हटलेलं नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

समोरच्या अधिकाऱ्यांनी दोनदा समजावलं, नावं बाहेर जाणार नाहीत, ही बंद खोली आहे. भाऊ म्हणाले, "आमच्या कॉम्प्युटरचंही असंच सांगितलं होतं, साहेब."

मग त्यांनी त्या मुलीकडे बघितलं. ते म्हणाले, "नाही बुवा आठवत." वकिलांनी ते शब्द लिहून घ्यायला सांगितले.

निकाल आला. कंपनीने पाहुण्यांना वेळेत कळवलं नाही, एवढी चूक धरली. ओळखपत्रं कंपनीच्या सांगण्यावरून ठेवली होती हे मात्र सिद्ध होत नाही, कारण साक्षीदाराने आपली स्मरणशक्ती तपासू दिली नाही. कायद्यातलं मला फार कळत नाही. वकीलबाई म्हणाल्या, वर अपील करू, वेळ लागेल. पण मामांनी तो कागद वाचून घडी घातली आणि परत केला. त्यावर ती ओळ नव्हती.

निकालानंतर मुलीची आई हॉटेलच्या फाटकाशी आली होती. तोवर भाऊंची नोकरी गेली होती, ते मागच्या खोलीत सामान बांधत होते; बांधलेलं गाठोडं घेऊनच ते फाटकाशी आले. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "चार नावं सांगितली असती तर काय बिघडलं असतं, भाऊ? माझी लेक उभी राहिली असती."

भाऊ म्हणाले, "त्या चार खोल्यांत पन कुनाच्या लेकी व्हत्या, ताई."

बाई पाठ वळवून निघून गेली. भाऊंचंही त्यावर समाधान झालं नसावं, कारण ती गेल्यावर ते बांधलेलं गाठोडं सोडून पुन्हा बांधायला लागले. मी आजही ठरवू शकत नाही की ते बरोबर होते का. तुम्ही ठरवू शकत असाल तर मला तुमचा हेवा वाटतो. मला फक्त दोन्ही बायांचे चेहरे दिसतात, जी फाटकाशी उभी होती ती, आणि दाराला आतून कडी लावून बसलेली ती कोपऱ्यातल्या खोलीतली.

लोणावळ्यात दुसऱ्या कुठल्या हॉटेलाने भाऊंना घेतलं नाही. मालक हसून चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. शेवटी ते नगरकडे बहिणीच्या घरी जायला निघाले. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलला मीही त्यांच्याबरोबर चढले. मला मळवलीलाच उतरायचं होतं. ते खिडकीशी बसले, मांडीवर गाठोडं.

मळवली आलं. मी फलाटावर उतरून खिडकीशी गेले आणि सुचलं ते बोलले, "भाऊ, मला विसरू नका."

त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला पुसला. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, जणू तिथे मासे पोहत होते.

"तू कोन गं?" ते म्हणाले. "न्हाई बा आठवत."

गाडी हलली. ते तसेच, माझ्याकडे न बघता बसून होते.