लाल दोऱ्याचा रुमाल

दोन बोटांनी. मेलेली पाल उचलावी तसा कुंदाने माझा रुमाल सीटवरून उचलला आणि खिडकीबाहेर सोडला. महाड स्टँड, पोलादपूरची गाडी, शनिवारची दुपार.

तो रुमाल खिडकीतून टाकून जागा धरायला मी दीडशे माणसं एका उडीत ओलांडली होती. कुंदा माझ्या कॉलेजातली, पोलादपूरच्या वकिलांची मुलगी. वर्षभर तिची जागा मीच धरायचो, मग शेजारी बसायचो. त्या दिवशी नेमके तिचे मामा सोबत निघाले.

"रुमाल कोणाचा गं?"

"काय माहीत. वाडीतल्या कोणाचा तरी असेल."

मामांनी वर्तमानपत्राने सीट पुसली. दोनदा. मग खिडकीतून मला विचारलं, "तुझा काय रे?"

"नाय. माझा नाय," मी म्हणालो. वर हसलो.

रुमाल चिखलात पडला होता. उचलला सुमनने. आमच्याच बौद्धवाडीतली सुमन, शिवणक्लास सुटून गाडीला आलेली. तिला मी लग्नाचा शब्द दिला होता. रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने माझ्या नावाचं अक्षर तिनेच काढलं होतं. तिने सगळं ऐकलं.

दोन-दोन पोरी कशाला, असं लोक विचारतात. जवानीची मस्ती म्हणून मोकळे होतात. मस्ती कसली? भूक होती. आंबेनळी घाटात ब्रेक गेलेली एसटी मी खांद्यावर थोपवली, असं कुंदाला सांगितलं होतं. तिचे डोळे बशीएवढे झाले. त्या डोळ्यांत मी सात फूट होतो. सुमनला मात्र ठाऊक होतं की घाटाचं पहिलं वळण आलं की मी ओकतो. ती पिशवीत माझ्यासाठी लिंबू ठेवायची. त्या लिंबाचा मला राग यायचा. ती मला पुरतं ओळखत होती, आणि मला मीच नको होतो. वाडीतला, शेवटच्या बाकावरचा, साडेपाच फुटी. खरं तर कुंदाही नको होती. तिच्या डोळ्यांतला तो सात फुटी हवा होता.

सोमवारी कॉलेजात कुंदा म्हणाली, "मामा होते ना! मी काय सांगणार? शनिवारी धर जागा. मामा दिसले की लांब उभा राहा, शहाण्यासारखा."

मी हो म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण म्हणालो.

संध्याकाळी सुमनने रुमाल परत दिला. धुतलेला, घडी घातलेला. कोपरा कोरा. नुसती सुईची भोकं.

"उसवलं," ती म्हणाली. "माझा नाय म्हणालास ना? मग अक्षर तरी कशाला ठेवू?"

कुंदाने मला दोन बोटांनी टाकलं होतं. मी सुमनला दोन शब्दांनी.

शनिवारी मी रुमाल टाकला. चढलो. आणि स्वतः बसलो. कुंदा आली, मागून मामा.

"ऊठ रे. तिला बसू दे."

"नाय उठणार. रुमाल माझा हाय. मागल्या शनिवारचापण माझाच होता."

गाडी अशी गप्प झाली की सावित्री नदीचं पाणी ऐकू आलं. बरं, नसेल आलं. पण गप्प झाली.

"कंडक्टर, याला उतरवा!" मामा ओरडले. "माजलेत सगळे!"

"तिकीट हाय त्याच्याकडे," कंडक्टर म्हणाला आणि घंटी ओढली.

कुंदा उभी राहिली. बशीएवढ्या डोळ्यांत आता मी मावत नव्हतो. सुमन दाराशी होती. तिने मान वळवली नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढे लग्न होऊन ती दासगावला गेली.

एसटी थोपवल्याची गोष्ट मी अजून सांगतो. आता तीत दोन एसट्या आहेत. ही गोष्ट मात्र, ती दीडशे माणसं सोडली तर, एक टाकाही वाढवणार नाही. कोणीही मामा समोर उभा राहो. रुमाल असो, वाडी असो, माणूस असो, जे माझं ते माझंच म्हणेन. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच.