पंप धुतला होता म्हणे

सोयाबीन वीस-बावीस दिवसांचं झालं होतं, चार ओळींआड तुरीची एक ओळ. पावसाची झड आठ दिवस हटली नव्हती. रानाला वाफसा नाही, नुसता चिखल, म्हणून तणाला कोळपं घालता येत नव्हतं, आणि तेवढ्यात केन्याचं तण वीतभर वर आलं. आमचे मालक जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येतात. शेत मी आणि धाकटे दीर बघतो.

दिराला मी बजावून सांगितलं होतं, "भाऊजी, तणनाशकाचा फवारा मारू नका. केना औषधाला दाद देत न्हाई. ऊन पडलं की कोळपू, मंग बाया लावू." खुरपणीच्या बाया आणणाऱ्या चाचीला शब्दही देऊन ठेवला. मग आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परतूरला गेले.

पाच दिवसांनी आले ती बांधावरच थबकले. तुरीचे शेंडे आकड्यासारखे वाकलेले. सोयाबीनची पानं चिंचोळी, सुरकुतलेली, खोडं पिळलेली. केना मात्र जिथल्या तिथं, तरारलेला.

दीर गावातून तावातच आले. "वैनी, दुकानदारानं भेसळीचं औषध दिलं. आत्ताच चार माणसांत त्याला झाडून आलो!"

तो दुकानदार म्हातारा मारवाडी. सासऱ्यांच्या काळापासून आमचं बियाणं त्याच्याकडचं. पहिल्यांदा मलाही त्याचाच राग आला, खोटं कशाला बोलू. पण ओळी धरून चालत गेले तसा राग दुसरीकडं वळला.

"फवारायला सुरुवात कुठून केली?" मी विचारलं.

"विहिरीकडून."

विहिरीकडचं पीक हातचं गेलेलं होतं. पुढं जाईल तसं वाकणं कमी होत गेलं. लिंबाच्या झाडाखालच्या शेवटच्या ओळीत तर तूर सरळ उभी, सोयाबीनच्या पानाला नुसती चुणी. पंपाच्या सगळ्या टाक्यांत औषध एकाच बाटलीतलं. ते भेसळीचं असतं, तर लिंबाखालची ओळ कशी वाचली असती? जे काही होतं ते पंपातच होतं, आणि टाकीमागून टाकी धुऊन निघत गेलं होतं.

गोठ्यात जाऊन पंपाचं झाकण उघडलं. नाकात सणका गेला. हा वास आमच्या औषधाचा नव्हता.

"पंप कोणी नेला होता?"

दीर खाली बघायला लागले. "मित्रानं नेल्ता. उसातलं तण मारायला. धुऊन दिला म्हणला." ते औषध उसाला सोसतं, पण त्याचा अंश जरी राहिला तरी सोयाबीन-तुरीला पिळून टाकतो.

"आणि तुमी धुतला का?"

"एकदा पाणी हिसळलं की."

"मी नको म्हणले होते ना?"

"किती दिवस त्या बाया अन् खुरपी, वैनी? अन् तुमाला फवाऱ्यातलं काय कळतं?"

पंधरा वर्षं मी त्या रानात उकिडवी बसून खुरपत सरकतेय. कोणतं तण कोणत्या पावसाला उगवतं, कोणतं तुटलं तरी पेरातून फुटतं, हे मला गुडघ्यांनी शिकवलं. आणि भाऊजी उभ्यानं दोन तास पंप पाठीवर घेऊन मला काय कळतं असं विचारत होते. पंप उचलून मी त्यांच्या पायाशी आदळला.

"चला दुकानावर. ज्या चार माणसांत बोललात, त्याच चार माणसांत सांगा."

आले. मान खाली घालून म्हणाले, "शेठ, चूक माझी होती." दुकानदार नुसतं म्हणाला, "बैठो, पाणी प्या." त्याच्या त्या सभ्यपणाचाही मला तेव्हा राग आला. भाऊजींना कुणीतरी ओरडायला हवं होतं.

विहिरीकडचं रान मोडून तिथं तूर टोकली. मधलं सोयाबीन सावरलं, पण खुरटंच राहिलं. ऊन पडल्यावर चाची बाया घेऊन आली. बांधावरून बघून म्हणाली, "क्या बेटी, दवा पिके केना तो मोटा हो गया!" बाया हसल्या. मी हसले नाही. खुरपं घेऊन त्यांच्याबरोबर ओळीला बसले.

दीर दुपारी पाण्याची घागर घेऊन आले. सगळ्या बायांना पाणी दिलं, मलाही दिलं. दुकानदाराजवळ त्यांनी चूक कबूल केली. माझ्याजवळ अजून केलेली नाही.