मैदानावर नीलेश काय म्हणाला

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. कॉलेजात मी कुणाच्या मागे होतो, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत काय थापा मारल्या, धाकट्या भावाशी वर्षभर का बोललो नाही – सगळं. हे मात्र तिला माहीत नाही. आईला नाही, मित्रांना नाही. आणि ज्याला माहीत असायलाच हवं होतं, त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बसून हे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये राहतो. आठवडाभर सॉफ्टवेअर, आणि शनिवारी रग्बी लीग. हसू नका. मूळचा मी पुण्याचा, शाळेत रग्बी खेळलो होतो, आणि इथे आल्यावर तेरा-तेरा जणांचा हा खेळ खेळणारा एक हौशी क्लब सापडला. इथल्या शेजाऱ्यांना हा अमेरिकन फुटबॉलच वाटतो. तुम्हाला सांगायचं तर त्यात कबड्डीचा अंश पुष्कळ आहे – चेंडू घेऊन समोरच्यांच्या अंगावर जायचं, त्यांनी धरून पाडायचं, उठून पुन्हा जायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. इतकं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आमचा कोच मार्टी मूळचा न्यूझीलंडचा, गावात टायरचं दुकान चालवतो. त्याचं एक ठरलेलं पालुपद. टॅलेंट ढिगानं मिळतं, तो म्हणायचा, टफनेस आणि कन्सिस्टन्सी मिळत नाही. नवीन पोरगं कितीही चपळ असो, मार्टी हाताची घडी घालून बघणार आणि विचारणार, हा मार खाऊन उठतो का? दर शनिवारी उठतो का? मला ते ऐकायला फार आवडायचं. कारण उघड आहे – माझ्याकडे टॅलेंट नव्हतं. मी दर शनिवारी हजर राहणारा, चिखलात लोळणारा, बोट मोडलं तरी पट्टी बांधून खेळणारा मध्यम खेळाडू. मार्टीच्या त्या वाक्यात माझी सोय होती.

मग नीलेश आला. त्याला मीच आणलं. तो नागपूरचा, आमच्याच ऑफिसात, दोन मजले वर. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेला. तो ऑफिसातल्या आम्हा मराठी मंडळींत बसला की जपून मराठी बोलायचा, कारण त्याच्या बोलण्यावर आम्ही पुणेकरांनी पहिल्याच पार्टीत हसून घेतलं होतं. त्यात मी सगळ्यात पुढे होतो. तो रागावला नाही. त्याचा स्वभावच तसा, कुणाचं काही मनात न धरणारा.

मैदानावर मात्र त्याला काही जपावं लागायचं नाही. रग्बीचा चेंडू त्याने आयुष्यात पहिल्यांदा धरला आणि महिन्याभरात तो आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू झाला. अंगावर आलेल्या माणसाच्या कमरेकडे बघून तो कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं, ते कबड्डीचं. मी ज्या जागेवर तीन वर्षं घासत होतो ती जागा मार्टीने त्याला देऊन टाकली, आणि मला कडेला. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, बघ, माझा शोध. आणि आत नुसता जळत होतो. जळणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, तोपर्यंत तो शब्द मी उगाचच वापरत होतो.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेसाठी वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमधल्या क्लबांतून एक संघ निवडायचा होता. आमच्या क्लबातून त्या जागेसाठी एकच नाव जाणार, हे मार्टीने सांगितलं होतं. ते नाव नीलेशचं असणार हे कुणालाही विचारावं लागलं नसतं.

मार्टीचा एक नियम होता. तो समोर नसताना कुणी टॅकलची, म्हणजे धरून पाडायची, प्रॅक्टिस करायची नाही. डोक्याला मार लागला तर सांगायचं, तीन आठवडे बसायचं, डॉक्टरांनी हो म्हटलं की मगच परत. आणि ज्याने नियम मोडून मारलं तोही बसणार. मी हा नियम मोडला. सामन्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मीच त्याला म्हटलं चल, अपार्टमेंटमागच्या गवतावर थोडं करू. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, घाबरतोस का?

तो धावत आला आणि मी त्याला धरलं. कमरेला धरायचं असतं. मी वर गेलो. माझा खांदा त्याच्या कानशिलावर बसला. चुकून? वर्षानुवर्षं मी स्वतःला चुकून म्हणत आलो. गवत ओलं होतं, पाय घसरला, असं. पण मी वर गेलो तेव्हा मला माहीत होतं की मी वर जातोय. तेवढं तरी आज खरं लिहितो.

तो खाली बसला, हसला, उठला, आणि कुंपणाशी जाऊन ओकला. मी त्याला पाणी दिलं. आणि पाण्याबरोबरच म्हटलं, मार्टीला बोलू नकोस हं, दोघंही बाहेर बसू. तो म्हणाला, "सोड बे, काही नाही झालं." माझ्यासाठी म्हणाला.

शनिवारी तो खेळला. म्हणजे मैदानावर होता. हातात येणारा सोपा चेंडू सोडत होता, भलतीकडे पळत होता. मार्टी कडेवरून ओरडत होता. मग एक साधा टॅकल झाला, रोज दहा होतात तसा, आणि नीलेश पडला तो पडूनच राहिला. मार्टी धावत आला. आमच्यासारख्या क्लबाकडे डॉक्टर कुठला? मार्टी गुडघ्यावर बसून इंग्रजीत विचारत होता, काय होतंय, काय होतंय. नीलेश उत्तर देत होता, पण त्याचं इंग्रजी गेलं होतं. आमच्यासाठी शिकलेलं ते जपून बोलायचं मराठीही गेलं होतं. तो त्याच्या घरच्या भाषेत बोलत होता, आईशी बोलावं तसा. मार्टीने माझ्याकडे पाहिलं. त्या मैदानावर ते समजणारा दुसरा कुणी नव्हता.

तो म्हणत होता, "परवापासून डोकं घनघन करून रायलं बे. दोन-दोन दिसून रायले मले. सांग ना त्याले."

"व्हॉट्स ही सेइंग?" मार्टीने विचारलं.

मी म्हणालो, तो म्हणतोय की तो थकलाय. त्याला पुढे खेळायचं नाही.

हे आहे ते. एवढंच. इतके परिच्छेद मी याच वाक्याभोवती फिरत होतो. ते म्हणायला मला विचारही करावा लागला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खातं. 'परवापासून' सांगितलं असतं तर मार्टीने परवा काय झालं ते विचारलं असतं – म्हणून? की मार्टीच्या तोंडून मला एक गोष्ट ऐकायची होती म्हणून? ती मी ऐकली. मार्टी उठला, पॅन्टचा चिखल झटकला, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, टॅलेंटेड, पण आतून मऊ. मग मला म्हणाला, तू त्याच्या जागेवर जा. मी गेलो. त्या दिवशी मी बरा खेळलो.

नीलेशला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. पुढच्या प्रॅक्टिसला मार्टीने सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, की तू आतून मऊ आहेस, तू स्वतः म्हणालास, तुला पुढे खेळायचं नाही, असं आमच्यात चालत नाही. नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो, सुटलेली नसताना. मग तो मार्टीला सॉरी म्हणाला. कशाबद्दल सॉरी? मला तिथेच बोलता आलं असतं. तोंड उघडायचं होतं फक्त.

त्याच्या पुढच्या शनिवारी मीच त्याला गाडीतून नेलं. नेहमीचा पाऊस, नेहमीचं राखाडी आकाश, आणि हा शेजारी काळा गॉगल लावून बसलेला. उजेड सहन होत नव्हता त्याला. मला कळत होतं. मी म्हटलं, काय हिरो, शूटिंग आहे का? तो कसनुसा हसला. म्हणाला, आज दाखवतो मार्टीला. आणि दाखवलं त्याने. असा खेळला की मार्टीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सत्रात समोरून एक दांडगा आला, नीलेश न कचरता त्याच्यात घुसला, आणि तिथून त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात माझं फार कौतुक आहे. नीलेश महिनोन् महिने स्क्रीनकडे पाहू शकत नव्हता. पाच मिनिटं कोड वाचला की ओकारी. सॉफ्टवेअरवाल्या माणसाने करायचं काय? मॅनेजरने काही काळ सांभाळून घेतलं, मग घेतलं नाही. नोकरी गेली की व्हिसा किती टिकतो हे तुम्ही ऐकून असाल. या सगळ्या काळात मी त्याच्याकडे रोज वरण-भात नेला. डॉक्टरांकडे नेलं, त्याची गाडी विकून दिली, बॅगा भरल्या, एअरपोर्टवर सोडलं. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला, सख्ख्या भावासारखं केलंस म्हणाल्या. नीलेशची आई व्हिडिओ कॉलवर रडली. "तू होता म्हनून," ती म्हणत राहिली, "तू होता म्हनून." मी म्हटलं, असं काय मावशी, तुमचाच मुलगा आहे मी. हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

त्या मोठ्या स्पर्धेला मी गेलो. तीन सामने बाकावर बसलो, एक खेळलो.

आता मी खेळत नाही, मार्टीला मदत करतो. नवीन पोरं येतात, इथेच जन्मलेली आपलीही एक-दोन असतात. कुणी फार हुशार निघाला की मार्टी त्याला बाजूला घेऊन नीलेशची गोष्ट सांगतो. एवढा टॅलेंटेड खेळाडू मी पाहिला नाही, पण टफनेस नव्हता, एक शनिवार असा तर एक शनिवार तसा, मैदानातच म्हणाला मला खेळायचं नाही. मग माझ्याकडे बोट दाखवतो. म्हणतो, विचारा याला, हा जवळ होता. पोरं माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. आडवी नाही, उभी.

मागच्या महिन्यात नीलेशचा फोन आला. तो भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, दुपारी उन्हात निघू शकत नाही म्हणून संध्याकाळचा. नवीन डॉक्टर मिळालेत, त्यांनी त्याला पहिल्यापासून सगळं आठवायला सांगितलं. ते त्या गुरुवारच्या गवतापासून सुरू झालं हे त्याने स्वतःच काढलं होतं. मी उठून खोलीचं दार लावून घेतलं. पण त्याला माझी चौकशी करायचीच नव्हती.

"एक विचारू का बे?" तो म्हणाला. "दोन दिवसापासून डोकं दुखत होतं, तर मी सांगितलं काऊन नसन? मी सांगितलंच असतं ना. मग थकलो, खेळायचं नाही, असं मी काऊन म्हनलो? तू होता ना तिथं. मी खरंच तेवढंच म्हनलो का?"

आता याहून सोपं कुणी काय विचारावं? मार्टी समोर नव्हता, संघ नव्हता, जागा नव्हती. घालवण्यासारखं माझं काही उरलं नव्हतं. आणि त्याचा आवाज असा होता की मी खरं सांगितलं असतं तरी, मला वाटतं, तो मलाच धीर देत बसला असता.

"हो रे," मी म्हणालो. "तेवढंच म्हणालास."

पलीकडे दुकानात कुणीतरी खिळे मागत होतं. त्याने त्याला थांब म्हटलं.

"मंग कोच बरोबरच होता," नीलेश म्हणाला. "होतो मी मऊ."

मी म्हणालो, जाऊ दे रे आता, किती जुनं झालं ते.

आणि त्याने जाऊ दिलं.