कोळशाचा कण

नातीच्या होस्टेलच्या पेटीवर नाव रंगवलं आणि ऑइल पेंटच्या वासानं बाबा आठवले. माझी पेटी त्यांनीच रंगवली होती. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. बाबा तिथल्या यार्डात डबे जोडायचे, कुठलीही गाडी शिट्टीवरून ओळखायचे.

मला नागपूरला कॉलेजात सोडून ते परत निघाले. मी स्टेशनावर पोचवायला गेलो.

"कावून रडून राहिला? दिवाळीले येशीलच ना," असं दटावून ते गाडीत चढले.

"बाबा, हे गाडी वर्धेले चालली! आपली दुर्ग-भिलाईची तिकडं हाये."

ते खाली उतरले, गमछ्यानं डोळे पुसत म्हणाले, "या इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यात."

मला तेव्हा हसू आलं. त्या गाडीला अजून इंजिन लागलंच नव्हतं, हे आज नातीच्या पेटीला कुलूप लावताना लक्षात आलं.